हातात पाना, ट्रंकेत प्रमाणपत्र
डिझेल मेकॅनिकच्या कामातील वेगवेगळ्या वाटा : मुलांसाठी आणि पालकांसाठी

आमचा एक मावसभाऊ हायवेवरच्या गॅरेजमध्ये बावीस वर्षे काम करीत होता. आठवीतून शाळा सुटली तेव्हापासून त्याच्या हाती पाना आला. चालू ट्रकजवळ नुसता उभा राहिला तरी तो सांगायचा, "तिसऱ्याचं नोझल गेलंय." खोलून पाहिले की तेच निघायचे. पुढे तालुक्याच्या गावी एका कंपनीचे सर्व्हिस सेंटर सुरू झाले. अनुभवी मेकॅनिक पाहिजेत असे कळल्यावर दादा इस्त्रीचा शर्ट घालून मुलाखतीला गेला. समोरच्या साहेबांनी कामाविषयी एकही प्रश्न विचारला नाही. "आय.टी.आय.चं सर्टिफिकेट दाखवा," एवढेच ते म्हणाले. दादाजवळ शाळा सोडल्याचा दाखला होता, तोही आठवीचा. पंधरा मिनिटांत तो बाहेर आला.

त्याच महिन्यात त्याच सेंटरमध्ये आमच्याच वस्तीतला एक मुलगा लागला. आय.टी.आय. नुकताच पास झालेला. आठवडाभराने तो संध्याकाळी दादाच्या दारात उभा. म्हणाला, "दादा, टॅपेट सेट कसं करायचं ते एकदा हाताने करून दाखवा ना. आमच्या आय.टी.आय.त चालू इंजिन एक आणि मुलं वीस. माझा हात कधी लागलाच नाही."

दादाने त्याला शिकविले. पण त्या रात्री दादा जेवला नाही, असे वहिनी सांगत होत्या.

एकाजवळ हात होता, कागद नव्हता. दुसऱ्याजवळ कागद होता, हात नव्हता. डिझेल मेकॅनिकच्या धंद्यात जी जी वाट निघते ती या दोन गोष्टींपाशी येऊन अडते किंवा पुढे जाते. दहावीचा निकाल लागला की घराघरांत हाच विषय निघतो. "काकाच्या गॅरेजवर पाठवा," असे एकजण म्हणतो, तर "आय.टी.आय.चा फॉर्म भरा," असे दुसरा सांगतो. एखादा म्हणतो, "आता सगळं इलेक्ट्रिक होणार, डिझेलमध्ये काय राहिलंय?" प्रत्येकाच्या बोलण्यात थोडे खरे असते. म्हणून या सर्व वाटा एकत्र मांडून पाहू या.

काम काय आहे आणि काय बदलले

पेट्रोल इंजिनात ठिणगीसाठी स्पार्क प्लग असतो. डिझेल इंजिनात तो नसतो. पिस्टन हवेला इतकी दाबतो की ती हवाच तापते. त्या तापलेल्या हवेत नोझलमधून डिझेलचा बारीक फवारा सोडला की ते आपोआप पेटते. म्हणून डिझेल मेकॅनिकचे निम्मे कौशल्य पंप आणि नोझल यांच्याभोवती असते. उरलेले निम्मे म्हणजे रिंगा-पिस्टन, हेड, टॅपेट, टर्बो, कूलिंग आणि ऑइल.

जुन्या गाडीत नोझलवरचा दाब साधारण दोनशे बारच्या आसपास असे. कुठला सिलिंडर काम करीत नाही हे शोधायला उस्ताद चालू इंजिनावर एकेका नळीचा नट ढिला करीत. नट ढिला केल्यावर ज्या सिलिंडरला इंजिनाच्या आवाजात काही फरक पडत नाही, तोच बिघडलेला. ही युक्ती वडील पिढीने कानाने शिकली आणि पुढच्या पिढीला कानानेच शिकविली.

आज तीच युक्ती जीवावर बेतू शकते. १ एप्रिल २०२० पासून देशात नव्या गाड्यांना बी.एस.-६ ची अट लागू झाली. या गाड्यांत कॉमन रेल पद्धत असते आणि तिच्यातील डिझेलचा दाब १६०० ते २००० बार किंवा त्याहूनही अधिक असतो. ट्रकच्या टायरमध्ये हवेचा दाब सुमारे आठ बार असतो, त्यावरून अंदाज करा. अशा चालू इंजिनाची नळी ढिली केली तर निघणारी बारीक धार कातडी भेदून आत जाते. बाहेरून सुई टोचल्याएवढी जखम दिसते, पण आत डिझेल पसरते आणि वेळेवर शस्त्रक्रिया झाली नाही तर बोट किंवा हात गमवावा लागतो. नव्या गाडीत दोष शोधायला स्कॅनर लावावा लागतो. धूर शुद्ध करण्यासाठी सायलेन्सरच्या वाटेवर फिल्टर असतो. मोठ्या गाड्यांत युरियाच्या द्रावणाची वेगळी टाकी असते आणि त्या द्रावणात ३२.५ टक्के युरिया असतो. हे द्रावण चुकून डिझेलच्या टाकीत ओतले तर पंप आणि नोझल दोन्ही खराब होतात.

मोठ्या ट्रॅक्टरनाही (५० अश्वशक्तीच्या वरच्या) जानेवारी २०२३ पासून आणि जनरेटरना जुलै २०२३ पासून धुराचे कडक नियम लागू झाले. तेव्हा "नुसता कान आणि हात पुरे" हे दिवस सरले. कान आणि हात लागतातच. त्यांच्या जोडीला मीटर, स्कॅनर आणि वाचन लागते.

दरवाजा : आय.टी.आय.

दहावी पास मुलासाठी आय.टी.आय.मध्ये 'मेकॅनिक डिझेल' हा एक वर्षाचा ट्रेड आहे. 'ट्रॅक्टर मेकॅनिक' हाही एक वर्षाचा आहे. 'मेकॅनिक मोटर व्हेईकल' हा दोन वर्षांचा आहे. 'मेकॅनिक इलेक्ट्रिक व्हेईकल' हा दोन वर्षांचा नवा ट्रेडही आता आला आहे.

पालक बहुधा एक वर्षाचा ट्रेड पाहून खूश होतात, कारण मुलगा लवकर कमावता होईल असे वाटते. घरची परिस्थिती तशीच असेल तर त्यात चूक नाही. पण एक गोष्ट लक्षात ठेवावी. दहावीनंतर दोन वर्षांची आय.टी.आय. केलेल्या मुलाला पॉलिटेक्निकच्या डिप्लोमाला थेट दुसऱ्या वर्षात प्रवेश मिळण्याची सोय आहे. मुलगा अभ्यासात बरा असेल तर हे एक वर्ष जास्तीचे नाही. पुढे 'मेकॅनिक'चा 'सुपरवायझर' होण्याची ती पायरी आहे.

प्रवेश ऑनलाइन होतात. जातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, जात पडताळणी ही कागदपत्रे निकालानंतर धावपळ करून मिळत नाहीत. मुलगा नववीत असतानाच ती तयार ठेवावीत. मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती आय.टी.आय.लाही मिळते. तिचा अर्ज महाडीबीटीवर वेळेत भरावा.

आय.टी.आय. झाल्यावर अप्रेंटिसशिप टाळू नये. १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्याखाली एस.टी., रेल्वे आणि खाजगी कारखाने शिकाऊ घेतात. मिळणारे विद्यावेतन थोडे असते, म्हणून मुले नाराज होतात. परंतु वर ज्या मुलाचा उल्लेख केला, त्याचा हात लागायचा राहिला होता तो इथेच लागला असता. अप्रेंटिसशिप झाली म्हणजे त्याच ठिकाणी नोकरी मिळते असे मात्र समजू नये. कायद्याने मालकावर तसे बंधन नाही. परंतु सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये उत्तर प्रदेशच्या परिवहन महामंडळाच्या प्रकरणात सांगितले की, इतर सर्व गोष्टी समान असतील तर प्रशिक्षित शिकाऊ उमेदवाराला थेट आलेल्या उमेदवारापेक्षा प्राधान्य द्यावे. म्हणून ते प्रमाणपत्रही जपून ठेवावे.

पहिली वाट : नाक्यावरचे गॅरेज

इथे शिकण्याची फी नाही आणि फॉर्म भरायचा नाही. पहिले सहा महिने पोऱ्या चहा आणतो, पाने धुतो, चिंधीने इंजिन पुसतो. दुसऱ्या वर्षी ऑइल, फिल्टर, ब्रेक. तिसऱ्या वर्षी उस्ताद हेड खोलायला बसवतो. चांगला उस्ताद मिळाला तर पाच वर्षांत मुलगा एकट्याने फुल इंजिन बांधतो. एवढे हाताखालचे काम दुसरीकडे कुठेही मिळत नाही.

पण या वाटेवर काय नाही तेही पाहावे. कामाचे तास ठरलेले नसतात. बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे सदस्य असताना, १९४६ मध्ये, कारखाने कायद्यात दुरुस्ती होऊन आठवड्याचे काम ४८ तासांवर आले. नाक्यावरच्या गॅरेजपर्यंत तो हिशेब अजून पोचलेला नाही. गाडी रात्री बाराला आली तर पोऱ्याही बारापर्यंत. भविष्यनिर्वाह निधी नाही, आजारपणाची सोय नाही, आणि दहा वर्षे काम केल्याचा एक ओळीचा कागदही नाही. शिवाय नाक्यावर अजून जुन्या गाड्याच जास्त येतात. त्यामुळे नवे तंत्र शिकायचे राहून जाते.

चौदा-पंधरा वर्षांच्या मुलाला शाळा सोडवून गॅरेजवर पाठवू नये. बालकामगार कायदा तर आहेच, पण दादाच्या त्या पंधरा मिनिटांच्या मुलाखतीची आठवण प्रत्येक आईबापाने ठेवावी. दहावी होऊ द्या. मग सुट्टीत, रविवारी, आय.टी.आय. करता करता खुशाल गॅरेजवर पाठवा. हात आणि कागद एकदम तयार होतील.

दुसरी वाट : एस.टी., रेल्वे आणि सीमा सडक

आपल्या घरांत 'एस.टी.त लागला' या शब्दांना वेगळे वजन आहे. १ जून १९४८ रोजी पुणे-अहमदनगर मार्गावर पहिली एस.टी. धावली. तेव्हापासून तिच्या आगारांनी खेड्यापाड्यांतील कितीतरी मुलांना कारागीर केले. प्रत्येक आगारात रोजची देखभाल होते. त्यावर विभागीय कार्यशाळा असतात. दापोडी, चिकलठाणा आणि हिंगणा येथे मध्यवर्ती कार्यशाळा आहेत. सहाय्यक म्हणून लागलेला माणूस कारागिराच्या श्रेणी चढत वर जातो.

फायदा असा की नोकरी कायम, आरक्षण लागू, रजा आणि निधी आहे. तोटा असा की भरती वर्षानुवर्षे निघत नाही. पगारही फार नाही, आणि २०२१ च्या ऑक्टोबर अखेरीपासून २०२२ च्या एप्रिलपर्यंत चाललेल्या संपात एस.टी. कामगारांच्या घरांची काय अवस्था झाली ती आपण पाहिली आहे. वर्षानुवर्षे एकाच प्रकारच्या गाड्यांवर काम केल्याने हात एकाच गाडीला सरावतो, हाही एक दोष आहे.

रेल्वेत तंत्रज्ञ श्रेणी-३ आणि असिस्टंट लोको पायलट या पदांसाठी आय.टी.आय. पाहिजे. असिस्टंट लोको पायलटसाठी मेकॅनिक डिझेल हा ट्रेड चालतो. गंमत अशी की डिझेलची इंजिने आता रेल्वेत फार थोडी उरली आहेत. वाराणसीचा डिझेल इंजिनांचा कारखाना १९६४ पासून इंजिने देत होता. आज तेथे विजेची इंजिने तयार होतात आणि २०२० मध्ये त्याच्या नावातील 'डिझेल' हा शब्दही गेला. परंतु ट्रेडची पात्रता कायम आहे. हुशार मुलाने ही परीक्षा जरूर द्यावी. फक्त फॉर्म भरण्याआधी डोळे तपासून घ्यावेत. लोको पायलटच्या पदाला चष्म्याशिवाय पूर्ण दृष्टी लागते. अभ्यासाची दोन वर्षे घालवून वैद्यकीय तपासणीत बाहेर पडणे फार क्लेशदायक असते.

केंद्र सरकारच्या नोकरीसाठी जातीचे प्रमाणपत्र केंद्राच्या नमुन्यात लागते. १९९० च्या दुरुस्तीनंतर बौद्धांनाही केंद्रात अनुसूचित जातीच्या सवलती मिळाल्या, पण चुकीच्या नमुन्यातील कागदामुळे त्या हातच्या जाऊ शकतात. राज्याचे आणि केंद्राचे असे दोन्ही दाखले वेळीच काढून ठेवावेत.

सीमा सडक संघटनेतही वाहन मेकॅनिकची भरती होते. तिचे केंद्र आपल्या पुण्याजवळ दिघी येथे आहे. काम डोंगरात, बर्फात आणि घरापासून दूर. ज्याच्या अंगात ते सोसायची ताकद आहे त्याने विचार करावा.

तिसरी वाट : कंपनी आणि सर्व्हिस सेंटर

महाराष्ट्र ही डिझेल इंजिनांची जुनी भूमी आहे. खडकीला किर्लोस्कर ऑइल इंजिन्स १९४६ मध्ये आणि कोथरूडला आजचा कमिन्स इंडिया १९६२ मध्ये सुरू झाला. टाटा मोटर्स पिंपरीत, अशोक लेलँड भंडारा जिल्ह्यात. कारखान्यात जोडणीच्या लाइनवर काम मिळते. पण लाइनवर एक माणूस एकच काम दिवसभर करतो. चार वर्षे बोल्ट आवळले म्हणजे मेकॅनिक झालो असे होत नाही. त्यातच आज बरीच कामे कंत्राटी किंवा शिकाऊ म्हणून दिली जातात.

शिकण्याच्या दृष्टीने सर्व्हिस सेंटर अधिक चांगले. इथे बी.एस.-६ गाड्या येतात, स्कॅनर हाताळायला मिळतो, कंपनी वेळोवेळी प्रशिक्षणाला पाठवते. वीस किंवा अधिक कामगार असतील तर भविष्यनिर्वाह निधी लागू होतो. नेमणुकीच्या वेळी त्याचा आणि राज्य कामगार विम्याचा नंबर मागून घ्यावा. सुरुवातीचा पगार नाक्यावरच्या चांगल्या मेकॅनिकपेक्षा कमी वाटेल. तरी पहिली तीन वर्षे इथे काढण्यात फायदा आहे, कारण नवे तंत्र दुसरीकडे फुकट शिकायला मिळत नाही. एक धोका असा की पार्ट बदलून मोकळे होण्याची सवय लागते. बिघाड का झाला हे शोधायची सवय सुटू देऊ नये.

जनरेटरचे कामही याच वाटेवर येते. रुग्णालये, मॉल, कारखाने, मोबाइलचे टॉवर सर्वत्र जनरेटर आहेत. त्यांची देखभाल करणारा मेकॅनिक मोटारसायकलवर पेटी घेऊन फिरतो. इंजिनाबरोबर ज्याला विजेचेही काम येते, त्याला इथे मान आहे.

चौथी वाट : खाणी, बंदरे आणि आखात

वणी, बल्लारपूर, उमरेड भागातील मुलांनी वेस्टर्न कोलफिल्ड्सच्या उघड्या खाणींतले मोठाले डंपर लहानपणापासून पाहिले आहेत. रस्त्याच्या आणि मेट्रोच्या कामांवर पोकलेन, जेसीबी, रोलर असतात. त्यांच्यात डिझेल इंजिनाबरोबर हायड्रॉलिक शिकावे लागते. ते आले की पगारात चांगला फरक पडतो. मात्र बरीच कामे कंत्राटदारांकडे असतात. साइट संपली की काम संपते. म्हणून दर महिन्याची पावती आणि शेवटी अनुभवाचे पत्र घेतल्याशिवाय साइट सोडू नये.

कोकणातील मुलांना मिरकरवाडा, मालवण, ससून डॉक येथील मच्छीमार बोटींच्या इंजिनांचे काम आहे. पावसाळी बंदीत बोटी किनाऱ्याला लागतात आणि तेव्हाच इंजिने खोलली जातात. हंगामी असले तरी हे काम भरवशाचे आहे.

आखाती देशांत अवजड वाहनांच्या मेकॅनिकला मागणी असते आणि अनुभवाच्या कागदांना तिथे फार किंमत आहे. परंतु इथेच फसवणूकही जास्त. एजंट सरकारमान्य आहे काय ते 'ई-मायग्रेट'वर पाहावे. कायद्याने एजंटला सेवाशुल्क म्हणून तीस हजार रुपये आणि त्यावरील जी.एस.टी. एवढेच घेता येते. दीड-दोन लाख मागणाऱ्यापासून दूर राहावे. व्हिजिट व्हिसावर कामाला जाऊ नये. मुलगा गेल्यावर आईच्या किंवा पत्नीच्या नावाने बँकेत पैसे येण्याची सोय आधी करावी. चार वर्षांनी परत येताना हातात काय राहील याचा हिशेब जातानाच मांडावा. नाही तर घराचा स्लॅब पडतो आणि माणूस पुन्हा नाक्यावरच उभा राहतो.

पाचवी वाट : स्वतःचे गॅरेज

स्वतःच्या नावाची पाटी लावावी असे प्रत्येक मेकॅनिकला वाटते. वाटायलाही हवे. पण चांगला मेकॅनिक चांगला गॅरेजवाला असतोच असे नाही. गॅरेज बहुधा उधारीने बुडते. "भाडं आलं की देतो, मिस्त्री," असे म्हणून गेलेला ट्रकवाला पुढच्या वेळी दुसऱ्या नाक्यावर गाडी लावतो. म्हणून पहिल्या दिवसापासून वही ठेवावी. पार्टचे पैसे आगाऊ घ्यावेत. जुना पार्ट गिऱ्हाइकाला दाखवून परत द्यावा, त्याने विश्वास बसतो.

सर्व कामे एकाच ठिकाणी करायचा अट्टहास नको. पंप-नोझलचे कॅलिब्रेशन, क्रँक ग्राइंडिंग, बोअरिंग यांची वेगळी दुकाने असतात. आपल्या पट्ट्यात जे काम कोणी नीट करीत नाही, ते एक धरावे. ट्रॅक्टरचा पट्टा असेल तर ट्रॅक्टर, बागायती भाग असेल तर पाण्याची इंजिने, शहर असेल तर जनरेटर. एका कामात नाव झाले की बाकीचे काम आपोआप येते.

भांडवलासाठी २०१५ पासून मुद्रा योजना आहे. पन्नास हजारांपर्यंत शिशु, पाच लाखांपर्यंत किशोर, दहा लाखांपर्यंत तरुण असे तिचे भाग आहेत. जुने कर्ज नीट फेडलेल्यांना २०२४ पासून वीस लाखांपर्यंतची सोय झाली. महात्मा फुले मागासवर्ग विकास महामंडळ १९७८ पासून आहे. त्याच्या जिल्हा कार्यालयात स्वतः जाऊन चौकशी करावी, मध्यस्थ धरू नये. आधी पाच वर्षे दुसऱ्याकडे काम, मग कर्ज. हा क्रम उलटा करू नये.

आणखी एक वाट फार कमी मुले धरतात. आय.टी.आय. निदेशक होण्यासाठी एक वर्षाचा शिक्षक-प्रशिक्षण अभ्यासक्रम असतो. मुंबईच्या राष्ट्रीय कौशल्य प्रशिक्षण संस्थेसारख्या ठिकाणी तो होतो. ज्याला समजावून सांगायला आवडते त्याने हे लक्षात ठेवावे. आपल्या मुलांच्या हाताला इंजिन लागते की नाही, ते शेवटी निदेशकावरच अवलंबून असते.

शरीराची काळजी

या कामात शरीर झिजते. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने जून २०१२ मध्ये डिझेलचा धूर कर्करोगाला कारण ठरतो असे जाहीर केले. बंद शेडमध्ये इंजिन चालू ठेवून काम करू नये. हात डिझेलने किंवा पेट्रोलने धुण्याची सवय सोडावी, त्याने कातडी फुटते. साबण वापरावा. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कधीही शिरू नये. स्टँड किंवा लाकडी ठोकळे लावल्याशिवाय नाहीच. कामाचे कपडे घरच्या कपड्यांत, विशेषतः लहान मुलांच्या कपड्यांत, धुऊ नयेत. ही शेवटची गोष्ट घरातल्या बायकांनीच पक्की करावी.

मुलींचे काय?

आय.टी.आय.मध्ये मुलींसाठी जागा राखीव असतात. डिझेलच्या ट्रेडमध्ये त्या बहुधा रिकाम्या राहतात. कारण विचारले तर आपण म्हणतो, "जड काम आहे." पूर्वी ते खरे होते. आज इंजिन उचलायला क्रेन आहे, आणि कामाचा मोठा भाग स्कॅनर, सेन्सर आणि वायरिंगचा आहे. कॉमन रेलच्या नोझलचे काम तर इतके स्वच्छ आणि बारीक असते की धुळीचा एक कण गेला तरी ते बिघडते. ज्या घरात मुलीला मशीन उघडून पाहायची आवड आहे, त्या घराने तिला अडवू नये.

डिझेल राहील काय?

हा प्रश्न टाळून चालणार नाही. लहान मोटारींतून डिझेल जात आहे. देशातील सर्वांत मोठ्या मोटार कंपनीने २०२० मध्येच डिझेल मोटारी बंद केल्या. रेल्वेचे मार्ग विजेवर गेले, शहरांतील बसगाड्याही विजेच्या होत आहेत. परंतु लांब पल्ल्याचे ट्रक, ट्रॅक्टर, खाणीतील डंपर, पोकलेन, बोटी आणि जनरेटर यांचे डिझेल इतक्यात सुटणार नाही. आज सोळा वर्षांचा असलेला मुलगा पुढे पंचेचाळीस वर्षे काम करणार आहे. त्याने आपले सगळे आयुष्य केवळ डिझेलवर टाकू नये आणि घाबरून डिझेल सोडूही नये. मल्टिमीटर वापरायला, वायरिंगचा नकाशा वाचायला आणि स्कॅनरवरचा कोड समजून घ्यायला त्याने पहिल्याच वर्षी शिकावे. ते आले की इंजिन कोणतेही असो, हात चालतो.

मग कोणती वाट धरावी?

घरात बसून तीन प्रश्न विचारावेत. या कामातून पाच वर्षांनी मुलाच्या हातात कोणते नवे कौशल्य असेल? त्याच्याजवळ कोणता कागद असेल? आजारी पडला तर घर कशावर चालेल? नाक्यावरच्या गॅरेजवर पहिल्या प्रश्नाचे उत्तर अर्धे मिळते, दुसऱ्या दोहोंचे मिळत नाही. एस.टी.-रेल्वेत दुसऱ्या-तिसऱ्याचे उत्तर चांगले, पण तिथे थांबणे फार. सर्व्हिस सेंटरवर पहिल्या दोहोंचे उत्तर बरे मिळते. स्वतःच्या गॅरेजात सगळी उत्तरे आपल्यालाच तयार करावी लागतात.

परिस्थिती बेताची असलेल्या घरासाठी मला दिसणारा क्रम असा : दहावी, मग आय.टी.आय. आणि रविवारी गॅरेज, मग अप्रेंटिसशिप, मग तीन-चार वर्षे सर्व्हिस सेंटर. तोवर एस.टी., रेल्वेच्या जाहिरातींवर नजर ठेवून परीक्षा देत राहायचे. तिशीच्या आत नोकरी पक्की झाली तर उत्तम. नाही झाली तर हात, कागद आणि थोडी शिल्लक घेऊन स्वतःची पाटी लावायची.

आणि ज्यांचे वय निघून गेले, त्या दादासारख्यांचे काय? त्यांनाही दार आहे. काम करता करता शिकलेल्या कारागिराची चाचणी घेऊन त्याला प्रमाणपत्र देण्याची सोय सरकारच्या कौशल्य योजनांत आहे. ठरावीक वर्षांचा अनुभव असलेल्या कामगाराला खाजगी उमेदवार म्हणून आय.टी.आय.च्या परीक्षेलाही बसता येते. जवळच्या सरकारी आय.टी.आय.त जाऊन नियम विचारून घ्यावेत.

दादा चव्वेचाळिसाव्या वर्षी अशा चाचणीला बसला. लेखी पेपर वाचायला सर्व्हिस सेंटरमधल्या त्या मुलानेच त्याला महिनाभर मदत केली. प्रमाणपत्र आले तेव्हा वहिनींनी ते लग्नातल्या ट्रंकेत, मुलांच्या दाखल्यांच्या वर ठेवले. पुढे बँकेत मुद्राच्या कर्जासाठी अनुभवाचा पुरावा मागितला, तेव्हा दादाने तोच कागद टेबलावर ठेवला. आज त्याचे स्वतःचे छोटे गॅरेज आहे. रविवारी तो मुलगा स्कॅनर घेऊन येतो, दादा त्याला इंजिनाचा आवाज ऐकवतो, आणि दादाचा दहावीतला पोरगा दोघांच्या मध्ये उभा राहून बघत असतो. त्याचा आय.टी.आय.चा फॉर्म यंदा जूनमध्ये भरायचा आहे. जातीचा आणि उत्पन्नाचा दाखला दादाने आताच काढून ठेवला आहे.